गावाचा वकील कोणाचा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जमिनीचे, वतनाचे आणि भाऊबंदकीचे दावे लढता लढता ज्यांची घरे बसली, त्यांनी ती पुढच्यांना अनुभवाने शिकवली. परंतु माणसाला जी मोकळीक आहे ती गावाला नाही. एखादा गृहस्थ चार पैशांचे नुकसान सोसून कोर्टापासून दूर राहू शकेल. नगरपालिकेला ते साधत नाही. कर बसवला की हरकत येते, रस्ता रुंद करावा तर कोणाची तरी भिंत आड येते, ठेका दिला की ज्याला तो मिळाला नाही तो दाद मागतो. कधी वादी म्हणून, कधी प्रतिवादी म्हणून गाव कोर्टात उभेच असते. आणि गावाला स्वतःचे तोंड नाही. ते बोलते ते वकिलाच्या तोंडाने.

या वकिलाचे कर्तव्य काय आणि त्याने कोठे थांबावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांत यासाठी विधी खाते असते आणि त्यावर एक प्रमुख विधी अधिकारी असतो. न्यूयॉर्क शहराच्या पदरी तर शेकडो वकिलांचे खाते आहे. नेमावरच्या घाटावरून परतताना लागणाऱ्या आमच्या खातेगांवासारख्या लहान गावांना एवढा सरंजाम परवडत नाही. वकिली करणारा एखादा गृहस्थ आपली इतर कामे सांभाळून गावाचेही काम पाहतो. पण सरंजाम लहान असो की मोठा, प्रश्न एकच आहे. हा वकील नेमका कोणाचा? अध्यक्षांचा, अधिकाऱ्यांचा, निवडून आलेल्या परिषदेचा, की ज्यांच्या करातून त्याची फी दिली जाते त्या गावकऱ्यांचा?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही. मालव्यातील एका गावच्या नगरपालिकेचे काम पुष्कळ वर्षे पाहिलेले एक वृद्ध वकील आमच्या परिचयाचे होते. आम्ही सारे त्यांना वकीलकाका म्हणत असू. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी एक हकिकत आम्हांला सांगितली आणि सांगून झाल्यावर विचारले, ‘मी केले ते बरोबर केले का?’ आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते आज आम्हांला पुरेसे वाटत नाही.

हकिकत अशी. गावात रस्ता रुंद करण्याचे काम निघाले. एका विधवा बाईच्या घरापुढचा ओटा आणि त्यालगतची भिंत रस्त्यात येते असे ठरवून ती एका सकाळी पाडण्यात आली. बाईने दावा लावला. तिचे म्हणणे एवढेच की, मला आधी नोटीस मिळाली नाही. मिळाली असती तर भिंत माझ्या हद्दीत आहे हे मी कागदानिशी दाखवले असते. वकीलकाकांनी कार्यालयातून फाईल मागवली. फाईलमध्ये नोटिशीची प्रत होती, तिच्यावर भिंत पाडण्याच्या तीन आठवडे आधीची तारीख होती. परंतु जावक नोंदवहीत त्या नोटिशीचा क्रमांक दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत बसवलेला होता, आणि शाई वेगळी होती. त्यांनी कारकुनास विचारले. कारकुनाने मान खाली घातली. त्यांनी अध्यक्षांस विचारले. अध्यक्ष म्हणाले, ‘वकीलसाहेब, कागद आहे ना? मग तो दाखल करा. बाकीचे तुम्ही कशाला पाहता?’

वकीलकाकांनी तो कागद दाखल केला नाही. प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी वकीलपत्र परत केले आणि कोणाजवळ एक शब्द बोलले नाहीत. दुसरे वकील आले, त्यांनी फाईलमधला कागद जसा होता तसा कोर्टापुढे ठेवला आणि बाई दावा हरली.

आम्ही त्या वेळी म्हणालो होतो, ‘काका, तुम्ही खोट्याला हात लावला नाही. याहून अधिक कोणी काय करावे?’ ते म्हणाले, ‘माझे हात स्वच्छ राहिले एवढे खरे. तिची भिंत काही उभी राहिली नाही.’

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम हे पाहिले पाहिजे की वकीलकाका आपले अशील कोणाला समजत होते. त्यांनी अध्यक्षांना विचारले, अध्यक्षांनी सांगितले आणि त्यांच्या मते विषय संपला. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण त्यांनी नाकारली हे खरे. परंतु पोळी कोणाची आहे हे त्यांनी तपासले नाही. मध्यप्रदेशचा १९६१ सालचा नगरपालिका अधिनियम, किंवा देशातील असाच कोणताही कायदा घ्या. त्यात नगरपालिका ही एक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती मानलेली असते. अध्यक्ष बदलतात, सभासद बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, परंतु ती व्यक्ती अखंड चालू राहते. ती आपल्या नावाने दावा लावते आणि तिच्यावर तिच्या नावाने दावा लागतो. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर तिला राज्यघटनेतच स्थान दिले. वकीलपत्र या व्यक्तीचे असते. अध्यक्ष तिच्या वतीने सही करतात; ते स्वतः ती व्यक्ती नव्हेत.

हा भेद शाब्दिक वाटेल, पण सारा प्रश्न त्यावर उभा आहे. कारण बाईवर खोटा कागद चालवण्यात अध्यक्षांचे हित असेल, कारकुनाची चूक झाकली जाण्यात कारकुनाचे हित असेल. नगरपालिका नावाच्या त्या अखंड व्यक्तीचे हित त्यात कसे असेल? ज्या बाईची भिंत पडली तीही त्या व्यक्तीचा एक अंश आहे. तिचा कर त्या तिजोरीत आहे, तिचे मत त्या परिषदेच्या मुळाशी आहे. तिला फसवून गाव जिंकले म्हणजे ‘कुंपणच शेत खाते’ यातला प्रकार झाला.

आमच्या पूर्वजांना ‘वकील’ हा शब्द आजच्याहून वेगळ्या अर्थाने परिचित होता, आणि तो जुना अर्थ येथे उपयोगी पडतो. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा प्रतिनिधी. दिल्लीच्या दरबारी पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याने पिढ्यांनी सांभाळली. मालव्यात वसलेल्या मराठी घराण्यांतही असे कामकाज केलेले पूर्वज अनेकांच्या वंशावळीत सापडतील. या जुन्या वकिलाच्या कामाला दोन अंगे होती. परदरबारात तो धन्याचा शब्द बोले, त्यात कसूर करीत नसे. पण घरी जी पत्रे धाडी त्यांत त्याला खरे लिहावे लागे: तेथील वारे कसे आहे, आपले काय चुकत आहे, आपली कोणती मागणी टिकण्यासारखी नाही. गोड बातम्या धाडणाऱ्या वकिलामुळे दौलत बुडते, हे सर्वांना ठाऊक होते. बाहेर धन्याची बाजू आणि आत धन्याला सत्य, या दोन्ही गोष्टी मिळून वकिली होत असे. आपण आज पहिले अंग तेवढे लक्षात ठेवले आहे.

आता आमच्याच मुलखातले एक प्रकरण पाहू. रतलामच्या नगरपालिकेविरुद्ध तेथील रहिवाशांनी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २९ जुलै १९८० रोजी तिचा निकाल लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला ‘रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद’ या नावाने माहीत आहे. तक्रार साधी होती. वस्तीत गटारे नाहीत, मैला आणि सांडपाणी उघड्यावर साचते, मद्यार्काच्या कारखान्याचे घाण पाणी रस्त्यावर येते, शौचालये नसल्यामुळे गरिबांना रस्त्याकडेला बसावे लागते आणि डासांनी जगणे अशक्य झाले आहे. लोकांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करवण्याच्या तरतुदीखाली, दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. (२०२४ च्या जुलैपासून ती संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, ही तरतूद तीतही कायम आहे.) दंडाधिकाऱ्यांनी सहा महिन्यांत योजना आखण्याचा हुकूम नगरपालिकेस दिला. सत्र न्यायालयाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तिचे म्हणणे फेटाळले. जे काम कायद्याने नगरपालिकेवर सोपवले आहे ते पैसा नाही म्हणून टाळता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. खटले लढवण्यात जो उत्साह दाखवला त्याच्या निम्मा जरी गटारे बांधण्यात दाखवला असता तरी लोकांची गरज भागली असती, अशा आशयाचा टोलाही त्यांनी मारला.

या निकालाची चर्चा पर्यावरण आणि लोकहित या दृष्टीने पुष्कळ झाली आहे. आम्हांला त्यात दुसरेच काही पाहायचे आहे. नगरपालिकेच्या बाजूने जे बचाव मांडले गेले ते मुख्यतः तीन होते, आणि तिन्हींचे नैतिक वजन सारखे नाही.

पहिला बचाव असा की, नगरपालिकेस गटारे बांधण्याचा हुकूम करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास या कलमाखाली नाही. हा प्रामाणिक कायदेशीर प्रश्न होता. खालच्या आणि वरच्या न्यायालयांत त्याबद्दल मतभेद झाला, यावरूनच तो पोकळ नव्हता हे दिसते. असा मुद्दा मांडणे वकिलाचे कामच आहे. तो हरला म्हणून त्याने काही वाईट केले असे होत नाही.

दुसरा बचाव असा की, नगरपालिकेकडे पैसा नाही. ही वस्तुस्थिती असेल तर ती कोर्टाला सांगितलीच पाहिजे. कोर्टाने ती सबब मान्य केली नाही, पण ती सांगण्यात अप्रामाणिकपणा नव्हता. आमच्या भागातील लहान नगरपालिकांची तिजोरी ज्यांनी आतून पाहिली आहे ते या बचावाला हसणार नाहीत.

तिसरा बचाव मात्र वेगळ्या जातीचा होता. रहिवासी त्या भागात आपल्या मर्जीने राहायला आले, तेथील घाण त्यांना आधीपासून ठाऊक होती, तेव्हा आता त्यांना तक्रार करता येणार नाही, असे नगरपालिकेने म्हटले होते. दोन खाजगी माणसांच्या भांडणात असा युक्तिवाद शोभून जाईल. घर विकणारा घेणाऱ्याला म्हणू शकेल की, तू पाहून घेतलेस, आता कुरकूर कशाला? परंतु गावाने आपल्याच गावकऱ्याला असे म्हणावे? ‘आम्ही आमचे काम करीत नाही हे तुम्हांला माहीत होते, मग तुम्ही येथे राहायला आलातच कशाला?’ असे म्हणणारी संस्था स्वतःच्या अस्तित्वाचे कारणच गमावून बसते. हा मुद्दा खोटा नव्हता, बेकायदेशीर नव्हता, त्यात बनावट कागद नव्हता. तरी तो गावाच्या वकिलाने गावाच्या तोंडी घालू नये असा होता.

येथून एक कसोटी हाती लागते. खाजगी अशिलाच्या वकिलाने विचारावे, ‘हा मुद्दा कायद्याने मांडता येतो का?’ गावाच्या वकिलाने याच्यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘हा मुद्दा गावाला मांडता येतो का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही, असे पुष्कळ वेळा होते.

न्यायालयांनाही हा फरक ठाऊक आहे. १९७९ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात वाद पाच हजार रुपयांच्या आतल्या रकमेच्या परताव्याचा होता. मुदत टळून गेली आहे, असे ट्रस्टचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नागरिकाची न्याय्य रक्कम बुडवण्यासाठी सार्वजनिक संस्थेने मुदतीची सबब पुढे करणे योग्य नव्हे. पण त्याच निकालात हेही मान्य केले की, संस्थेने तो मुद्दा घेतलाच आणि तो कायद्याने बरोबर असेल, तर कोर्टाला तो मानावा लागेल. कायद्याचे हात येथे थांबतात. म्हणजे मुदतीचा मुद्दा घ्यायचा की नाही हे कोर्टाच्या दालनात ठरत नाही. ते त्याआधी, नगरपालिकेच्या कार्यालयात, वकील आणि अध्यक्ष समोरासमोर बसतात तेव्हा ठरते. वकिलाच्या कर्तव्याचे खरे क्षेत्र ती खोली आहे.

मुंबईचे उदाहरण याहून मोठे आहे. १९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंनी आणि स्वतः काही पदपथवासीयांनी दाद मागितली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३१४ व्या कलमात पदपथावरील अतिक्रमण नोटीस न देता काढण्याचा अधिकार आयुक्तांस दिला आहे. महानगरपालिकेच्या बाजूने असे म्हटले गेले की, पदपथावर राहण्याचा हक्कच कोणाला नाही, मग नोटीस देऊन ऐकून तरी काय घ्यायचे? १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. कलम वैध ठरले, पदपथ मोकळे करण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही मान्य झाला. परंतु नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस न देण्याची आज्ञा नव्हे, आणि समोरच्याजवळ उत्तर असणारच नाही असे आधीच गृहीत धरून त्याला न ऐकणे न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने सांगितले. पावसाळा संपेपर्यंत कोणाला हलवू नये, असेही सांगितले.

हे सांगायला सर्वोच्च न्यायालय आणि चार वर्षे का लागावीत? ‘साहेब, कायदा नोटिशीवाचून काढण्याची मुभा देतो, पण पावसात, मुलाबाळांसह, न ऐकता काढणे टिकणार नाही आणि शोभणारही नाही,’ हे वाक्य कोणत्याही शहराच्या विधी अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना सांगता येते. ते वाक्य उच्चारण्यासाठी त्याला तेथे बसवलेले असते.

येथवर आम्ही वकिलाच्या कर्तव्याबद्दल लिहिले. आता त्याच्या मर्यादेकडे वळणे प्राप्त आहे, कारण केवळ कर्तव्य सांगून थांबलो तर एक वेगळाच अनर्थ होईल. गावाचे खरे हित कशात आहे हे वकिलाने ओळखावे, असे म्हणता म्हणता गावाचे हित वकिलानेच ठरवावे, येथवर आपण घसरतो. मग निवडणूक कशाला? परिषद कशाला? रस्ता रुंद करावा की नाही, बाजार कोठे भरवावा, पाणीपट्टी किती असावी, हे वकिलाच्या सद्‌सद्‌विवेकावर सोपवलेले प्रश्न नाहीत. त्याला एखादी योजना मूर्खपणाची वाटली, पण ती कायद्यात बसत असली, तर त्याने आपले मत सांगावे आणि मग ती मनापासून लढवावी. तसेच, गावाची तिजोरी ही वकिलाने दयेपोटी रिकामी करावी अशी वस्तू नाही. ठेकेदाराचे फुगवलेले बिल, सार्वजनिक जागेवरचा धनवंताचा कब्जा, थकवलेला कर, यांच्याविरुद्ध त्याने कायद्याने दिलेले प्रत्येक हत्यार वापरले पाहिजे, मुदतीचे सुद्धा. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे सोपे असते.

न्यूयॉर्कचे एक प्रकरण या मर्यादेवर प्रकाश टाकते. १९८९ साली तेथील मध्यवर्ती उद्यानात एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराबद्दल पाच अल्पवयीन मुलांना शिक्षा झाल्या. २००२ साली दुसऱ्याच एका गुन्हेगाराने कबुली दिली आणि पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या. २००३ साली त्यांनी शहरावर दावा लावला. आपल्या पोलिसांनी सद्‌हेतूने काम केले, अशी भूमिका घेऊन शहराच्या विधी खात्याने तो दहा वर्षांहून अधिक काळ लढवला. २०१३ च्या निवडणुकीत नवे महापौर निवडून आले आणि २०१४ साली त्याच शहराने सुमारे चार कोटी दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. दावा तोच आणि खातेही तेच होते. बदलला तो लोकांनी निवडलेला प्रमुख. काहींना यात वकिलांचा कणाहीनपणा दिसेल. आम्हांला वाटते की, लढावे की मिटवावे हा अखेरचा निर्णय निवडून आलेल्यांचा असतो हे तत्त्व येथे पाळले गेले. मात्र त्या दहा वर्षांत वकिलांनी बंद दाराआड काय सल्ला दिला असेल, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या नीतीचे मोजमाप त्या सल्ल्यावरून व्हायचे.

अशा चर्चेत आमच्याकडे एक नाव हटकून निघते, ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या अपराधाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे त्यांच्या तोंडावर सांगून रामशास्त्र्यांनी पुणे सोडले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वकीलकाकांनी वकीलपत्र परत केले तेव्हा त्यांच्या मनासमोर रामशास्त्री होते, हे त्यांनीच आम्हांला सांगितले. आदर्श थोर होता, पण तो त्यांच्या कामाचा नव्हता. रामशास्त्री न्यायाधीश होते. निवाडा सांगणे हेच त्यांचे कर्तव्य, आणि तो सांगून ते गेले. आपले कर्तव्य पुरे करून ते गेले, हे विसरता कामा नये. वकिलाला निवाडा देण्याचा अधिकार नाही. सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य. वकीलकाका गेले ते तो न देता. रामशास्त्र्यांचे जाणे त्यांनी उचलले, रामशास्त्र्यांचे बोलणे उचलले नाही.

मग त्यांनी काय करायला हवे होते? बाईकडे जाऊन तिला सारे सांगायचे? अशिलाचे गुपित राखणे हा वकिली धंद्याचा पाया आहे, म्हणून आपण गप्प राहिलो, असे ते म्हणत. त्यात तथ्य आहे. लोक वकिलाजवळ मोकळेपणाने बोलले नाहीत तर त्याला योग्य सल्ला देताच येणार नाही. परंतु १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे संरक्षण देतानाच एक अपवाद ठेवला होता, आणि २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे: बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी वकिलाला जे सांगितले गेले, किंवा काम हाती घेतल्यावर जी लबाडी त्याच्या दृष्टीस पडली, तिला हे कवच नाही. वकील परिषदेचे नियमही सांगतात की, वकिलाने अशिलाच्या तोंडाचा केवळ भोंगा होऊ नये. त्याला गैरमार्गापासून आवरण्याचा सर्व प्रयत्न करावा आणि तो ऐकेनाच तर त्याचे काम सोडावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. सोडणे शेवटी येते, आवरणे आधी.

कोणाला आवरायचे याचे उत्तर आपण वर शोधले आहे. अशील अध्यक्ष नव्हते, नगरपालिका होती. म्हणून अध्यक्षांनी नकार दिल्यावर वकीलकाकांपुढची वाट संपली नव्हती, ती तेथून सुरू होत होती. त्यांनी आपले मत चार ओळींत कागदावर लिहायला हवे होते: या नोटिशीची नोंद संशयास्पद आहे, ती कोर्टात दाखल करू नये, बाईशी तडजोड करावी. तो कागद मुख्य अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह द्यायला हवा होता आणि तो परिषदेच्या सभेपुढे ठेवावा असे लेखी मागायला हवे होते. अमेरिकेतील वकिलांच्या संघटनेने १९८३ साली जे आदर्श नियम स्वीकारले त्यांत संस्थेच्या वकिलासाठी हाच मार्ग सांगितला आहे: एका अधिकाऱ्याने ऐकले नाही तर त्याच्या वर जा, संस्थेच्या सर्वोच्च मंडळापर्यंत जा. यात फितुरी नाही. उलट आपल्या खऱ्या धन्यापर्यंत खरे पत्र पोचवणे आहे. हिंगण्यांच्या काळी जे होते तेच.

असे केल्याने बाई जिंकलीच असती असे आम्ही म्हणत नाही. परिषदेनेही डोळे झाकले असते. मग वकीलपत्र परत करणे क्रमप्राप्त झाले असते आणि त्या जाण्याला काही अर्थ राहिला असता. नंतर येणाऱ्या वकिलाला फाईलमध्ये तो कागद सापडला असता आणि ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्याला उरली नसती. आजारपणाची सबब सांगून गेलेल्या वकिलाने आपल्या मागून येणाऱ्याला अज्ञानाचे सुख ठेवले, आणि ते सुख बाईला महाग पडले.

आणि परिषदेने सारे ऐकून तो कागद चालवलाच, कोर्ट फसले, तर? तेव्हा वकिलाने कोर्टाला जाऊन सांगावे काय? येथे आमचे मन दुभंगते. कायदा त्याला अडवत नाही असे वर म्हटले. पण कायदा अडवत नाही म्हणजे धर्म आज्ञा करतो असे नव्हे, हे आम्हीच मुंबईच्या प्रकरणात लिहिले आहे. तरी सर्व बाजू तोलून आम्हांला वाटते की, मतभेद, चूक, मूर्खपणा, यांच्याबाबत वकिलाने मरेपर्यंत तोंड मिटून राहावे. बनावट कागदाबाबत नाही. कारण वकील हा अशिलाचा प्रतिनिधी असतो तसाच कोर्टाचाही माणूस असतो, आणि गावाची इच्छा कितीही एकमताने व्यक्त झाली तरी खोट्या तारखेला ती खरी करू शकत नाही. परिषदेची सत्ता धोरणावर चालते, घडून गेलेल्या गोष्टीवर चालत नाही. वकिलाची मर्यादा आणि परिषदेची मर्यादा येथे एकाच ठिकाणी येऊन भिडतात.

आमची घराणी या मुलखात आली ती कारकुनी, फडणिशी, वकिली अशा कागदाच्या कामांवर. तलवारीच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो, पण येथे टिकलो ते बहुतांशी लेखणीवर. आजही आपल्यांपैकी कोणी नगर परिषदेत निवडून जातात, कोणी कार्यालयात आहेत, कोणी वकिली करतात. त्यांना एक साधी विनंती करून हा निबंध संपवू. सभेपुढे कोर्टाचे प्रकरण आले की एक प्रश्न अवश्य विचारावा: वकिलांचे लेखी मत कोठे आहे? प्रश्न विचारणारा एक जरी सभासद असला, तरी खरे लिहिणाऱ्या वकिलाला बळ येते. वकीलकाकांच्या गावी तसा कोणी नव्हता, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

ते आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर त्यांना ऐकवता आले असते तर त्यांनी वाद घातला असता, याची आम्हांला खात्री आहे. आणि वाद संपल्यावर त्यांनी पुन्हा त्या बाईच्या भिंतीचाच विषय काढला असता.